न्याहाळक-आधारित समभाग व्यवहार

संगणकावर स्वतंत्र आज्ञावली न बसवता, न्याहाळकात म्हणजेच ब्राउझरमध्ये दलाली पेढीचे संकेतस्थळ उघडून समभाग, कर्जरोखे किंवा वायदे यांची खरेदी-विक्री करणे म्हणजे न्याहाळक-आधारित समभाग व्यवहार होय. भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने (सेबी) जानेवारी २००० मध्ये आंतरजालावरून व्यवहार करण्यास मान्यता दिल्यानंतर ही पद्धत भारतात सुरू झाली. या पद्धतीत दलालाचे संकेतस्थळ ही केवळ आदेश देण्याची खिडकी असते. सौदा शेअर बाजाराच्या संगणकावर जुळतो, देण्याघेण्याची हमी समाशोधन महामंडळ घेते आणि समभागांच्या मालकीची नोंद निक्षेपागारात होते. खरा मंच आणि बनावट मंच यांतील फरक याच विभागणीवरून ओळखता येतो.

या व्यवस्थेतील बहुतेक प्रमुख संस्थांची मुख्यालये मुंबईत आहेत. मात्र तिचा वापर आता जिल्हा व तालुक्याच्या ठिकाणांपर्यंत पोहोचला असून, शेअर बाजाराच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीची झळ अहिल्यानगरसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यालाही बसली आहे.

## इतिहास

### वडाच्या सावलीपासून संगणकाच्या पडद्यापर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईतील समभागांचे दलाल टाऊन हॉलसमोरील वडाच्या झाडांखाली जमून सौदे करीत. १८७५ मध्ये त्यांनी ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. तीच पुढे मुंबई शेअर बाजार (बीएसई) म्हणून प्रसिद्ध झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तेथील सौदे सभागृहात मोठ्याने भाव पुकारून होत. बाहेरगावच्या गुंतवणूकदाराला आपला सौदा नेमका कोणत्या वेळी व कोणत्या भावाने झाला हे पडताळण्याचे साधन जवळजवळ नव्हते. समभाग कागदी प्रमाणपत्रांच्या रूपात असत. त्यांचे हस्तांतर टपालाने होई. प्रमाणपत्र गहाळ होणे, सही न जुळणे आणि बनावट प्रमाणपत्रे या नेहमीच्या अडचणी होत्या.

सेबीची स्थापना १९८८ मध्ये झाली व १९९२ मध्ये तिला वैधानिक अधिकार मिळाले. त्याच वर्षी राष्ट्रीय शेअर बाजाराची (एनएसई) कंपनी म्हणून नोंदणी झाली. या बाजाराने नोव्हेंबर १९९४ मध्ये समभागांचे व्यवहार पूर्णपणे संगणकाच्या पडद्यावर सुरू केले. मुंबई शेअर बाजारानेही मार्च १९९५ मध्ये ‘बोल्ट’ ही संगणकीय प्रणाली स्वीकारली आणि पुकाऱ्याची पद्धत मागे पडली.

१९९६ च्या निक्षेपागार कायद्याने समभाग कागदाऐवजी संगणकीय नोंदीच्या रूपात ठेवण्याची सोय झाली. त्यानुसार १९९६ मध्ये एनएसडीएल आणि १९९९ मध्ये सीडीएसएल या संस्थांचे काम सुरू झाले. घरबसल्या व्यवहार करणे शक्य होण्यामागे आंतरजालाइतकाच या ‘डीमॅट’ पद्धतीचा वाटा आहे. कागदी प्रमाणपत्र द्यावे-घ्यावे लागत असते, तर आदेश कितीही वेगाने देता आला तरी सौदा पुरा होण्यास आठवडे लागले असते.

### आंतरजालावरील व्यवहार

अमेरिकेतील काही दलाली पेढ्यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास आंतरजालावरून आदेश स्वीकारण्यास सुरुवात केली होती. भारतात सेबीच्या मान्यतेनंतर फेब्रुवारी २००० मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारावर आंतरजालामार्फत व्यवहार सुरू झाले. त्याच वर्षी माहिती तंत्रज्ञान कायदा अमलात आला आणि इलेक्ट्रॉनिक नोंदींना कायदेशीर मान्यता मिळाली. सुरुवातीच्या काळात दूरध्वनी तारेवरील संथ जोडणीमुळे पडद्यावरील भाव काही क्षण मागे राहत व ते ताजे करण्यासाठी पान पुन्हा उघडावे लागे. रुंदपट्ट्याची जोडणी, स्वस्त मोबाइल डेटा, आधारवर आधारित ओळख पडताळणी आणि २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय या सोयींमुळे पुढे खाते उघडण्यापासून पैसे भरण्यापर्यंतची सर्व कामे पडद्यावरच होऊ लागली.

सौदापूर्तीचा कालावधीही टप्प्याटप्प्याने कमी झाला. एप्रिल २००३ पासून सौद्यानंतर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी (टी+२) आणि जानेवारी २०२३ अखेरीपासून सर्व समभागांत पुढच्याच कामकाजाच्या दिवशी (टी+१) सौदापूर्ती होऊ लागली.

## रचना

न्याहाळकात दिलेला आदेश पुढील टप्प्यांतून जातो :

१. आदेश सांकेतिक स्वरूपात, सुरक्षित जोडणीवरून दलालाच्या संगणकाकडे जातो.
२. खात्यात पुरेसा निधी किंवा समभाग आहेत का, हे दलालाची जोखीम-नियंत्रण प्रणाली तपासते. नसल्यास आदेश तेथेच फेटाळला जातो.
३. मान्य झालेला आदेश शेअर बाजाराकडे जातो व त्याला बाजाराचा स्वतंत्र क्रमांक मिळतो.
४. बाजाराचा संगणक प्रथम भाव आणि नंतर वेळ या क्रमाने आदेश जुळवतो. अधिक भाव देऊ करणाऱ्या खरेदीदाराला प्राधान्य मिळते. भाव सारखा असल्यास ज्याचा आदेश आधी आला त्याचा सौदा आधी होतो.
५. समाशोधन महामंडळ प्रत्येक खरेदीदारासाठी विक्रेता आणि प्रत्येक विक्रेत्यासाठी खरेदीदार बनते. त्यामुळे समोरचा पक्ष अनोळखी असूनही सौदा बुडत नाही.
६. सौदापूर्तीच्या दिवशी पैसे व समभाग यांची अदलाबदल होते आणि समभाग खरेदीदाराच्या डीमॅट खात्यात जमा होतात.

ही रचना बाजार समितीतील लिलावाशी ताडून पाहता येते. नेवासा तालुक्यातील घोडेगावच्या कांदा बाजारात माल, शेतकरी, अडत्या आणि व्यापारी हे सर्व एकाच आवारात असतात. माल पाहून बोली लागते आणि भाव सर्वांसमक्ष ठरतो. न्याहाळकावरील व्यवहारात यांपैकी काहीही डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष पाहण्याने जो विश्वास निर्माण होतो, तो येथे स्वतंत्र संस्थांच्या परस्परांशी जुळणाऱ्या नोंदींतून निर्माण करावा लागतो. दलालाचे विवरण, बाजाराची नोंद आणि निक्षेपागाराची नोंद या तिन्ही एकमेकींशी जुळल्या पाहिजेत.

## खाते उघडणे

व्यवहारासाठी तीन खाती लागतात : बँकेतील बचत खाते, दलालाकडील व्यवहार खाते (ट्रेडिंग खाते) आणि निक्षेपागारातील डीमॅट खाते. डीमॅट खाते बँक किंवा दलाल यांसारख्या निक्षेपागार-सहभागीमार्फत उघडले जाते. स्थायी खाते क्रमांक (पॅन), पत्त्याचा पुरावा, बँक खात्याचा तपशील, छायाचित्र आणि सही यांची आवश्यकता असते. ओळख पडताळणी आंतरजालावरूनही पूर्ण करता येते. वारसाचे नामनिर्देशन करणे किंवा ते करायचे नसल्यास तसे स्पष्टपणे नोंदवणे अपेक्षित असते.

पूर्वी समभाग विकताना ते डीमॅट खात्यातून काढण्यासाठी ग्राहक दलालाला मुखत्यारपत्र देत असे. काही ठिकाणी त्याचा गैरवापर झाल्यामुळे, नोव्हेंबर २०२२ पासून त्याऐवजी मर्यादित अधिकार देणारे ‘डीडीपीआय’ हे पत्र लागू झाले. तेही न देता प्रत्येक विक्रीच्या वेळी निक्षेपागाराचा सांकेतिक अंक व एकवेळचा परवलीचा अंक (ओटीपी) वापरून संमती देण्याचा पर्याय ग्राहकाला असतो.

## मंचाचे घटक

निरनिराळ्या दलालांच्या संकेतस्थळांची मांडणी वेगळी असली, तरी पुढील घटक बहुतेक ठिकाणी आढळतात.

* निरीक्षण सूची : निवडलेल्या समभागांचे बदलते भाव दाखवणारी यादी. पान पुन्हा न उघडता भाव आपोआप बदलतात.
* बाजाराची खोली : त्या क्षणी खरेदी व विक्रीसाठी उभ्या असलेल्या सर्वोत्तम भावांची आणि त्या भावांना उपलब्ध नगांची यादी. सर्वसाधारणपणे दोन्ही बाजूंचे पाच-पाच भाव दिसतात.
* आलेख : मिनिटापासून वर्षांपर्यंतच्या कालावधीतील भावांचे चित्ररूप.
* आदेशपत्रक : नग, भाव आणि आदेशाचा प्रकार भरण्याची जागा.
* आदेशनोंद : दिवसभरातील पूर्ण झालेले, प्रलंबित व फेटाळलेले आदेश.
* धारणा : डीमॅट खात्यात असलेले समभाग. दिवसभरातील अपुरे राहिलेले सौदे आणि वायदे यांसाठी वेगळे पान असते.
* निधी : दलालाकडे जमा असलेली रक्कम, अडकलेली रक्कम व काढता येण्याजोगी रक्कम.

नवख्या वापरकर्त्यांची एक सामान्य गफलत निधीच्या पानाशी संबंधित असते. समभाग विकल्यानंतर पडद्यावर रक्कम लगेच दिसते, परंतु सौदापूर्ती होईपर्यंत ती बँकेत वळती करता येत नाही.

## आदेशांचे प्रकार

बाजारभावाचा आदेश (मार्केट ऑर्डर) उपलब्ध असेल त्या भावाने तत्काळ पूर्ण होतो. मर्यादा आदेश (लिमिट ऑर्डर) ठरवलेल्या किंवा त्याहून अनुकूल भावानेच पूर्ण होतो. तसा भाव न आल्यास तो तसाच राहतो व दिवसाअखेर रद्द होतो. तोटा-रोधक आदेश (स्टॉप लॉस) भाव विशिष्ट पातळीला पोहोचल्यावर कार्यान्वित होतो.

पहिल्या दोन प्रकारांतील फरक उदाहरणाने स्पष्ट होतो. एखाद्या समभागाचे विक्रीसाठी १०० नग ₹५०० ला, १०० नग ₹५०१ ला आणि १०० नग ₹५०४ ला उपलब्ध आहेत असे समजू. ३०० नगांचा बाजारभावाचा आदेश दिल्यास तिन्ही भावांना खरेदी होईल आणि सरासरी भाव सुमारे ₹५०१.६७ पडेल. ₹५०१ चा मर्यादा आदेश दिल्यास २०० नग मिळतील व १०० नगांचा आदेश प्रलंबित राहील. कमी उलाढाल असलेल्या समभागांत हा फरक बराच मोठा असू शकतो.

आदेश देताना खरेदी घेऊन ठेवण्यासाठी आहे (डिलिव्हरी) की त्याच दिवशी व्यवहार उलटवण्यासाठी (इंट्राडे), हेही निवडावे लागते. दुसऱ्या प्रकारात दलाल काही पट अधिक रकमेचा व्यवहार करू देतो. मात्र बाजार बंद होण्यापूर्वी सौदा उलटवला नाही, तर दलालाची प्रणाली तो आपोआप उलटवते व त्यासाठी सहसा वेगळे शुल्क लागते.

समभागांचे नियमित व्यवहार सोमवार ते शुक्रवार सकाळी ९.१५ ते दुपारी ३.३० या वेळेत होतात. त्यापूर्वी ९.०० ते ९.१५ हे पूर्व-सत्र असते.

## खर्च व कर

‘शून्य दलाली’ अशी जाहिरात असली तरी व्यवहार पूर्णपणे विनाखर्च होत नाही. समभाग घेऊन ठेवण्याच्या व्यवहारात खरेदी व विक्री या दोन्ही वेळी ०.१ टक्के रोखे व्यवहार कर आणि खरेदीवर ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. म्हणजे ₹५०,००० च्या खरेदीवर अनुक्रमे ₹५० व ₹७.५० होतात. याशिवाय बाजाराचे शुल्क, सेबीचे शुल्क, दलाली व शुल्कांवरील १८ टक्के वस्तू व सेवा कर, विक्रीच्या वेळी निक्षेपागार-सहभागीचे शुल्क आणि डीमॅट खात्याची वार्षिक आकारणी असू शकते.

२३ जुलै २०२४ पासून, बारा महिन्यांपर्यंत बाळगलेल्या सूचिबद्ध समभागांवरील नफ्यास २० टक्के आणि त्याहून अधिक काळ बाळगलेल्या समभागांवरील, आर्थिक वर्षात ₹१.२५ लाखांपेक्षा जास्त नफ्यास १२.५ टक्के दराने आयकर लागतो. त्याच दिवशी उलटवलेल्या समभाग सौद्यांचे उत्पन्न सट्टा-व्यवसायाचे उत्पन्न मानले जाते. हे सर्व कर ग्राहक सरकारला कायद्याने ठरलेल्या मार्गाने देतो. खात्यातील नफा काढण्यापूर्वी मंचाच्या चालकाकडे आगाऊ ‘कर’ भरावा लागण्याची कोणतीही तरतूद नाही.

## न्याहाळक व मोबाइल ॲप

न्याहाळकाचा मोठा पडदा आलेख, विवरणे आणि आदेशपत्रक शेजारी-शेजारी पाहण्यास सोयीचा असतो. आज्ञावली बसवावी लागत नसल्याने कोणत्याही संगणकावरून काम करता येते आणि मंचातील सुधारणा आपोआप उपलब्ध होतात. संकेतस्थळाचा संपूर्ण पत्ता डोळ्यांसमोर असणे हाही एक फायदा आहे. दुसरीकडे, न्याहाळकात बसवलेल्या अनोळखी जोड-आज्ञावली पानावरील मजकूर वाचू शकतात, आणि सार्वजनिक संगणकावर परवलीचा शब्द साठवला जाण्याचा धोका असतो. मोबाइल ॲप फोनशी जोडलेले असल्याने प्रवेश सोपा असतो. परंतु बनावट ॲप हुबेहूब खऱ्यासारखे दिसू शकते.

दोन्ही साधने विजेवर, जोडणीवर व दलालाच्या संगणकावर अवलंबून असतात. बाजाराची प्रणालीही बंद पडू शकते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी तांत्रिक बिघाडामुळे राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार सकाळी ११.४० च्या सुमारास थांबले; ते दुपारी ३.४५ वाजता पुन्हा सुरू करून कामकाज ५ वाजेपर्यंत वाढवण्यात आले. अशा प्रसंगासाठी दलालाचा दूरध्वनीवरून आदेश घेण्याचा क्रमांक जवळ असणे उपयुक्त ठरते.

## सुरक्षा

दलालाच्या मंचावर प्रवेश करताना द्विस्तरीय पडताळणी करावी लागते. परवलीच्या शब्दाबरोबर एकवेळचा अंक, प्रमाणीकरण ॲपवरील ठरावीक सेकंदांनी बदलणारा अंक किंवा बोटाचा ठसा वापरला जातो. वापरकर्त्याने पुढील काळजी घेणे इष्ट मानले जाते :

* संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकित करावा किंवा आधी जपून ठेवलेल्या खुणेवरून उघडावा. संदेशातून आलेल्या दुव्यावरून प्रवेश करू नये.
* पत्त्याशेजारील कुलपाचे चिन्ह जोडणी सांकेतिक असल्याचे सांगते, संकेतस्थळ प्रामाणिक असल्याचे नव्हे. बनावट संकेतस्थळालाही असे चिन्ह मिळू शकते.
* परवलीचा शब्द व एकवेळचा अंक दलालाच्या कर्मचाऱ्यासह कोणालाही सांगू नये.
* दूरस्थ नियंत्रण देणारी आज्ञावली अनोळखी व्यक्तीच्या सांगण्यावरून बसवू नये.
* काम संपल्यावर खात्यातून बाहेर पडावे. केवळ पान मिटणे पुरेसे नसते.

## नफा-तोट्याविषयीचे अभ्यास

मंच वापरण्यास सोपा असणे आणि व्यवहार फायद्याचा असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सेबीने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२२-२३ या आर्थिक वर्षात समभागांत त्याच दिवशी सौदा उलटवणाऱ्या दर दहा वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी सुमारे सात जणांना तोटा झाला. सप्टेंबर २०२४ मधील दुसऱ्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत समभागांशी संबंधित वायदे व विकल्प (फ्युचर्स व ऑप्शन्स) यांत व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्याचे आढळले. त्यांचा एकत्रित तोटा ₹१.८ लाख कोटींहून अधिक होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये सेबीने करारांचे किमान मूल्य वाढवणे व साप्ताहिक मुदतीच्या करारांवर मर्यादा घालणे असे उपाय जाहीर केले.

हे आकडे नोंदणीकृत दलालांच्या खऱ्या मंचांवरील आहेत. बनावट मंचांवर गमावलेले पैसे यांत धरलेले नाहीत.

## अहिल्यानगर जिल्ह्यातील अनुभव

नेवासा तालुक्यातील शनिशिंगणापूर हे गाव घरांना दारे व कुलुपे न लावण्याच्या परंपरेसाठी प्रसिद्ध आहे. शनिदेव गावाचे रक्षण करतो, अशी तेथील श्रद्धा आहे. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने या गावात दाराला कुलूप नसलेली शाखा सुरू केली. अशा प्रकारची ती देशातील पहिली शाखा म्हणून गाजली. दर्शनी कुलूप टाळले असले, तरी रोकड सुरक्षित ठेवण्याची खबरदारी बँकेने सोडलेली नव्हती.

या गावाचे नावही आंतरजालावरील फसवणुकीतून सुटले नाही. शनिशिंगणापूर देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप व संकेतस्थळे चालवून ऑनलाइन पूजा व अभिषेकासाठी भाविकांकडून पैसे घेतले गेल्याच्या तक्रारी झाल्या आणि २०२५ मध्ये सायबर पोलिसांकडे गुन्हा नोंदवण्यात आला. या प्रकरणाचा शेअर बाजाराशी संबंध नव्हता. परंतु लोकांच्या विश्वासाचे नाव वापरून पैसे घेणारा पडदा उभा करण्याची रीत बनावट व्यवहार-मंचांसारखीच होती.

शेजारच्या शेवगाव तालुक्यात २०२४ च्या सुमारास उघडकीस आलेला प्रकार थेट शेअर बाजाराच्या नावाने घडला. तुमचे पैसे आम्ही बाजारात लावतो आणि दरमहा ठरावीक टक्के परतावा देतो, असे सांगून काही स्थानिक चालकांनी शेतकरी, नोकरदार व व्यावसायिक यांच्याकडून रकमा घेतल्या. काही काळ परतावा मिळाल्याने नातेवाईक व शेजारीही पैसे गुंतवू लागले. पुढे चालक पसार झाले आणि पोलिसांत गुन्हे दाखल झाले.

अशा योजनांत गुंतवणूकदाराचे स्वतःच्या नावाचे डीमॅट खाते वापरलेच जात नाही. रक्कम दुसऱ्याच्या हाती जाते, परतावा तोंडी किंवा साध्या कागदावर ठरतो आणि प्रत्यक्ष सौदे झाले की नाही हे तपासण्याचा मार्ग उरत नाही. समभागांच्या व्यवहारात ठरावीक मासिक परताव्याची हमी देण्यास नोंदणीकृत दलालाला मनाई आहे. ठेवी बुडवणाऱ्या वित्तीय आस्थापनांविरुद्ध महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९ (एमपीआयडी) आणि अनियमित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्रीय कायदा यांचा आधार घेता येतो.

## बनावट मंच

बनावट व्यवहार-मंचाची सुरुवात बहुधा व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवरील गटातून होते. गटात ‘तज्ज्ञ’ सल्ला देतो व इतर सदस्य नफ्याची चित्रे टाकतात. हे सदस्य बऱ्याचदा त्याच टोळीतील असतात. नंतर एका संकेतस्थळाचा किंवा ॲपचा दुवा दिला जातो. ‘संस्थात्मक खाते’, प्राथमिक विक्रीत खात्रीने समभाग किंवा परदेशी गुंतवणूकदारांच्या मार्गाने व्यवहार अशी प्रलोभने दाखवली जातात. परदेशी गुंतवणूकदारांसाठीचा मार्ग, मर्यादित अपवाद वगळता, भारतातील रहिवाशांना खुला नसल्याचे सेबीने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

पैसे भरल्यावर पडद्यावर वाढता नफा दिसतो. विश्वास बसावा म्हणून सुरुवातीला लहान रक्कम परतही दिली जाते. मोठी रक्कम काढू पाहताच कर, शुल्क किंवा अनामत म्हणून आणखी पैसे मागितले जातात आणि अखेरीस संपर्क तुटतो. या संपूर्ण काळात कोणताही आदेश शेअर बाजारापर्यंत गेलेला नसतो. पडद्यावरील आकडे चालकाने स्वतः भरलेले असतात.

### पडताळणी

मंच खरा आहे का, हे त्या मंचाबाहेरील नोंदींवरून तपासता येते :

* नोंदणी : दलालाचे नाव व नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावरील यादीत शोधावा. नोंदणीकृत पेढीचे नाव चोरून वापरले जात असल्याने, यादीत दिलेला संकेतस्थळाचा पत्ता व संपर्क जुळतात का हेही पाहावे.
* पैसे भरण्याचे खाते : खऱ्या दलालाकडे पैसे पेढीच्या नावाच्या ग्राहक-निधी खात्यातच जातात. व्यक्तीच्या किंवा असंबद्ध कंपनीच्या खात्यात पैसे भरण्यास सांगणे हे धोक्याचे लक्षण आहे. ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत मध्यस्थांसाठी ‘व्हॅलिड’ हा शब्द असलेले खास यूपीआय पत्ते उपलब्ध झाले असून, ते तपासण्याची सोय सेबीने दिली आहे.
* बाजाराचा संदेश : खरा सौदा झाल्यास शेअर बाजाराकडून मोबाइलवर किंवा ई-मेलवर त्याची सूचना येते आणि दलालाकडून सौद्याची चिठ्ठी (काँट्रॅक्ट नोट) चोवीस तासांत मिळते.
* निक्षेपागाराची नोंद : एनएसडीएल किंवा सीडीएसएलच्या स्वतःच्या संकेतस्थळावर खाते उघडून समभाग जमा झाले आहेत का ते पाहावे. निक्षेपागाराकडून येणारे एकत्रित खातेविवरणही उपयोगी पडते.

यांपैकी शेवटची तपासणी सर्वांत निर्णायक असते. दलालाच्या पडद्यावर समभाग दिसत असूनही सौदापूर्तीनंतर निक्षेपागारात ते नसतील, तर तत्काळ खुलासा मागणे आवश्यक ठरते.

## तक्रार निवारण

नोंदणीकृत दलालाविषयीची तक्रार प्रथम दलालाकडे व नंतर सेबीच्या ‘स्कोअर्स’ या २०११ पासून चालू असलेल्या संकेतस्थळावर करता येते. समाधान न झाल्यास २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘स्मार्ट ओडीआर’ या मंचावर सामंजस्य व लवादाचा मार्ग उपलब्ध आहे. दलाल दिवाळखोर ठरल्यास शेअर बाजाराच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीतून, मर्यादेच्या अधीन राहून, भरपाई मिळू शकते. बाजारभाव उतरल्यामुळे झालेला तोटा मात्र या निधीतून मिळत नाही.

बनावट मंचाच्या बाबतीत चालक सेबीकडे नोंदणीकृत नसल्याने हे मार्ग सहसा उपयोगी पडत नाहीत. अशा वेळी राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतक्रमांक १९३० वर व स्वतःच्या बँकेकडे लगेच कळवावे लागते. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वेगाने फिरवले जात असल्याने, पहिल्या काही तासांत तक्रार झाल्यास रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. व्यवहाराचे क्रमांक, संभाषणे आणि पडद्याची चित्रे पुरावा म्हणून जपून ठेवावीत.

## शेतमालाचे ऑनलाइन व्यवहार

न्याहाळकावरून शेतमालाचेही व्यवहार होतात. १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या ई-नाम या राष्ट्रीय कृषी बाजाराच्या मंचावर बाजार समितीत आलेल्या प्रत्यक्ष मालासाठी व्यापारी ऑनलाइन बोली लावतात. वायदे बाजारात मात्र भविष्यातील भावाचे करार होतात. एमसीएक्स व एनसीडीईएक्स या मुंबईतील दोन्ही वायदे बाजारांचे कामकाज २००३ मध्ये सुरू झाले आणि सप्टेंबर २०१५ पासून ते सेबीच्या नियंत्रणाखाली आले. सोयाबीन व हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे डिसेंबर २०२१ मध्ये निलंबित करण्यात आले व निलंबनाची मुदत पुढे वेळोवेळी वाढवण्यात आली. ई-नामवरील बोली आणि वायदे बाजारातील करार यांचे नियम, जोखीम व नियंत्रक वेगवेगळे आहेत.

## हे सुद्धा पहा

* मुंबई शेअर बाजार
* राष्ट्रीय शेअर बाजार
* सेबी
* डीमॅट खाते
* सायबर गुन्हे
* शनिशिंगणापूर